अडकलेल्या झाडाखाली पम्या

या ग्रुपवरचे अनुभव मी जेवता जेवता वाचतो आणि हसतो, हे आधीच सांगून टाकतो. कोणाच्या आतेभावाला रात्री रिक्षात बाई भेटली, वळून बघितलं तर सीट ओली… अरे बाबा, पावसाळ्यात रिक्षाची सीट ओलीच असणार ना! अशा कमेंटी टाकणारा तो मीच. माझ्यावर कोणाला राग काढायचा असेल तर आज काढून घ्या, कारण आज लिहायची पाळी माझी आहे.

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. अजून आहे असंही म्हणवत नाही. वडील जालन्याकडून मुंबईला आले, भांडुपला खोली घेतली. घरात सकाळ-संध्याकाळ बुद्धवंदना, बाकी देव्हारा नाही की अंगारा नाही. नाक्यावर कोणी उतारा टाकला — म्हणजे आजारी माणसावरून ओवाळून टाकलेलं लिंबू, नारळ, भात वगैरे — तर वडील मुद्दाम आम्हा भावंडांना घेऊन तिथे जायचे. लिंबू उचलायचं, घरी आणून धुवायचं आणि सरबत करून आम्हाला पाजायचं. वर विचारायचे, "काय झालं का? आंबट लागलं, एवढंच ना?" असल्या घरातला मी माणूस. भुताची भीती मला कधीच वाटली नाही. किळस मात्र फार लवकर येते.

आणि धंदा बघा कुठला — झाडं छाटायचा! मुलुंड, भांडुप, घाटकोपर, सोसायट्यांची कामं. परवानगी त्यांनी आणायची, झाड आम्ही उतरवायचं. आम्ही म्हणजे मी आणि माझ्या बायकोचा भाऊ प्रमोद. सगळे त्याला पम्या म्हणतात. आमच्याच घरी राहतो, आमच्याच डब्यातलं खातो आणि दिवसभर तोंडाची टकळी चालू. गेल्या वर्षी घाटकोपरला जांभळावरून पडला. मांडीत रॉड आहे, लंगडतो. तेव्हापासून माझी बायको रेखा रोज निघताना एकच गोष्ट बजावते.

"माझा एकुलता एक भाऊ आहे. त्याला झाडाखाली उभा केलात तर तुम्ही घरी येऊ नका."

म्हणून पम्याला मी फक्त बघ्याचं काम देतो. बघ्या म्हणजे काय ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. झाड ओढताना ओढणाऱ्याला वर बघता येत नाही. तेव्हा एक जण लांब, मोकळ्यावर उभा राहतो आणि नुसता शेंड्याकडे बघत हाक देत राहतो. "हाये… हाये… हाये…" म्हणजे झाड अजून जागेवर आहे. हाक चालू तोवर ओढायचं. हाक थांबली की मागे न बघता पळायचं, प्रश्न विचारायचे नाहीत. ही आमची पद्धत आहे, सासऱ्यांपासून चालत आलेली, आणि आजवर तिने दगा दिला नव्हता. बघ्याने जागा सोडायची नाही. सोडायची ती फक्त दाजी स्वतः बोलवतील तेव्हाच, असं मी पम्याला शंभर वेळा घोकून घेतलं होतं.

तर काम मुलुंड वेस्टचं. डोंगराच्या पायथ्याशी जिथे रस्ता संपतो तिथली चार मजली जुनी सोसायटी. मागच्या भिंतीला लोखंडी गेट, गेटच्या पलीकडे चढावर जंगल. साग, ऐन, कुडा आणि मधे मधे कोणीतरी कधीकाळी लावलेले रेन ट्री. त्यातून एक पायवाट वरच्या वस्तीत जाते. सोसायटीत धुणंभांडी करणाऱ्या बायका त्याच वाटेने येतात-जातात.

वादळात यातला एक रेन ट्री छातीच्या उंचीवर मोडला आणि उताराकडे पडता पडता खालच्या ऐनाच्या बेचक्यात अडकला. बुंध्याकडचं टोक वर, खुंटाला थोड्याशा लाकडाने आणि सालीने धरलेलं. शेंडा खाली ऐनात. मधलं सगळं धूड पायवाटेवर तिरपं लटकलेलं. आणि बायका त्याच्या खालून ये-जा करत होत्या! सोसायटीने काय केलं, तर लाल-पांढरी पट्टी बांधली. वर वॉचमनला दोरीने ओढून बघायला सांगितलं. म्हणजे तो बिचारा मेलाच असता. शिकलेली माणसं आहेत म्हणे.

उभं झाड कुठे पडणार याचा अंदाज येतो. पडलेलं झाड पडलेलंच असतं. अडकलेलं झाड कधी, कशाने, कुठल्या बाजूला सुटेल, कोणाचा बाप सांगू शकत नाही. त्याच्या खाली जायचं नाही. ज्या झाडाने त्याला धरलंय ते कापायचं नाही. वर चढायचं तर नावच नको. बुंध्याला साखळी बांधायची, लांबच्या दुसऱ्या झाडाला चेनपुल्ली लावायची आणि बुंधा हळूहळू मागे ओढायचा. शेंडा बेचक्यातून सरकतो आणि धूड खाली बसतं. कंटाळवाणं काम आहे, पण माणूस संध्याकाळी घरी जातो.

सोसायटीचे सेक्रेटरी गद्रे साहेब, बँकेतून रिटायर झालेले. गेट उघडून देताना घसा खाकरून म्हणाले, "वाघमारे, एक सांगायचं राहिलं हो. त्या झाडात जरा… निर्माल्य असतं."

"झाडात?"

"ढोली आहे त्याला. लोक तिथे ठेवतात. पायदळी येऊ नये म्हणून."

"आणि या पिशव्या?"

"त्यासुद्धा तेच हो. पायदळी नको."

शी! काय सांगू तुम्हाला. गेटपासून वरपर्यंत प्रत्येक कुड्याच्या फांदीला प्लास्टिकची पिशवी टांगलेली. आत देवाला वाहिलेली फुलं सडून काळं पाणी झालेलं. पायदळी नको म्हणून डोक्यावर! चालताना पिशवी कपाळाला लागते आणि थेंब मानेवर. खाली फुटक्या फ्रेममधले देव, नारळाच्या शेंड्या, कोणाचं तरी डायपर. देवाला स्वतःच्या घरातून बाहेर काढताना यांना काही वाटत नाही, कचऱ्याच्या गाडीत टाकताना मात्र पाप लागतं. मी गद्रेंना तोंडावर बोललो.

"साहेब, ही श्रद्धा नाही, हा उकिरडा आहे."

"अहो, लोकांच्या भावना असतात," गद्रे म्हणाले आणि नाकाला रुमाल लावून खाली गेले. भावना लोकांच्या, वास माझ्या नशिबी.

ढोली मोडलेल्या बुंध्यालाच होती, जिथे खुंटापासून तुटलं होतं त्याच्या जरा पुढे. तोंड माझ्या डोक्याएवढं, कडा जाड आणि गुळगुळीत. आत गच्च भरलेलं. झेंडू, हळदीकुंकवाचा चिखल, बुरशी आलेले पेढे, दहीभात, एक फुटलेलं अंडं. त्यात पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. झाडभर पिठ्या ढेकूण, ते पांढरे कापसासारखे किडे असतात ना, ज्यांनी मुंबईतले अर्धे रेन ट्री खाल्ले, ते. हात लावला की चिकट. ढोलीच्या खालच्या ओठावरून काळपट पाणी गळत होतं. मी ओठ लिहिलंय खरं, दुसरा शब्द सुचत नाही.

पण वास त्या घाणीचा नव्हता. सडक्या फुलांचा वास मला पाठ आहे, धंदाच तो. हा वास तोंडाचा होता. आठवडाभर दात न घासलेला माणूस तुमच्या नाकाशी येऊन बोलतो, तसला. आणि तो सलग येत नव्हता. गरम झोत यायचा… थांबायचा… परत यायचा. मी हातमोजा काढून ढोलीपुढे हात धरला. झोत बाहेर आला तेव्हा तळहात दमट झाला. मग हातावरचे केस आतल्या बाजूला ओढले गेले.

पटकन हात काढला. मग स्वतःलाच शिवी दिली. अरे, कंपोस्ट खत करताना वाफ येत नाही का? कुजताना उष्णता होते, वारा ढोलीत शिरतो, बाहेर येतो. शाळेत शिकलोय.

"पम्या, वास बघ रे."

"दाजी, मला सर्दी झालीय. मला तुमचा पण वास येत नाही, कधी नव्हे ते बरं वाटतंय," पम्या म्हणाला. वर आणि, "जेवायचं कधी?"

"इथे तुला जेवण सुचतंय?"

"मग? भूक नाकाने लागते काय?"

सकाळचं ऊन होतं, पाऊस उघडला होता. वॉचमनला खालच्या गेटवर आणि वस्तीतल्या एका ओळखीच्याला वरच्या टोकाला बसवून वाट बंद केली. बुंध्याला साखळी घातली, खुंटाच्या मागे वरच्या बाजूला एक जाडजूड साग होता त्याला चेनपुल्ली बांधली. मग बाजूला उभा राहून खुंटाला धरून असलेलं लाकूड मशीनने कापायला घेतलं. कापता कापता मशीनच्या पात्याने ढोलीतून गळलेला राडा उडवला. चेहऱ्यावर जाळी होती, गमछा होता, तरी खालून आलाच. ओठावर. तोंडात!

मंडळी, मी मशीन बंद केली, ठेवली आणि बाजूला जाऊन आतडी पिळवटेपर्यंत ओकलो. बाटलीभर पाण्याने चुळा भरल्या. गमछ्याने जीभ पुसली. आंबट, गोडसर, कोमट चव. कोमट का असावी ते मला आजही कळत नाही. पम्या लांबून ओरडत होता, "दाजी, प्रसाद घेतलात काय?" मी त्याला काय उत्तर दिलं ते इथे ॲडमिन ठेवणार नाहीत.

लाकूड कापून झालं. आता धूड फक्त साखळी आणि ऐनाच्या बेचक्यावर होतं. पम्याला मी डाव्या हाताला, लांब, एका मोकळ्या खडकावर उभं केलं. तिथून त्याला शेंडाही दिसत होता आणि मीही. मी सागाच्या मागे गेलो. साखळी तुटली तर ती अंगावर येते, म्हणून ओढणारा झाडाच्या आडोशाला उभा राहतो. तिथून मला अडकलेलं झाड दिसत नाही. मला फक्त हाक ऐकू येते.

"चालू कर रे!"

"हाये… हाये… दाजी, डास लय हायेत… हाये… हाये…"

मी पुल्लीची साखळी ओढायला लागलो. कट… कट… कट. बुंधा खुंटावरून सरकल्याचा आवाज आला. पम्याची टकळी चालू. "हाये… हाये… ताईने भाजी कसली दिलीय आज?… हाये…" मला हसू येत होतं. काम छान चाललं होतं, खरंच सांगतो.

नंतर कधीतरी माझ्या लक्षात आलं की मधली बडबड बंद झालीये. नुसतं "हाये… हाये… हाये…" चालू आहे. एका लयीत. पम्याचाच आवाज, त्याच्या त्या बसलेल्या नाकासकट. पण पम्या असं नुसतं बोलूच शकत नाही, त्याला मधे काहीतरी घालायला लागतंच. म्हटलं, चला, दमला असेल. मी ओढत राहिलो. हाक चालू तोवर ओढायचं ना!

मग तो वास आला. सागाच्या मागे, माझ्या मानेवर, गरम. "हाये" आलं की झोत यायचा. "हाये" थांबलं की झोत थांबायचा.

मी मान वळवून खडकाकडे बघितलं. खडक रिकामा होता.

"हाये… हाये…"

सागाच्या बाजूने डोकं काढून बघितलं. पम्या झाडाखाली होता. त्या धुडाच्या बरोबर खाली, ढोलीपाशी, लंगडत पुढे जात होता. एक हात ढोलीकडे केलेला, जणू कोणी आतून हात पुढे केलाय आणि हा तो धरायला चाललाय. तोंड बंद होतं त्याचं. आणि हाक चालूच होती, त्याच्याच आवाजात, ढोलीतून. वर बेचक्यात शेंडा करकरला.

"पम्या! बाहेर हो!" मी गळा फाडून ओरडलो.

त्याने माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. "आलो, आलो दाजी!" आणि आणखी एक पाऊल आत!

"आत नको! बाहेर! बाहेर हो, मूर्खा!"

"हो हो, धरतो ना!"

आईशप्पथ! मी बोलतोय काय आणि त्याला पोचतंय काय! जितकं ओरडत होतो तितका तो आत जात होता. पळत जाऊन ओढावं तर मधे मीच झाडाखाली, आणि साखळीला माझ्या पावलाचा धक्का जरी लागला असता तरी दोघांवर आलं असतं. रेखाचं तोंड डोळ्यांपुढे आलं. तिला काय सांगणार होतो मी? की मी ओरडत होतो?

बाजूच्या कुड्याला एक पिशवी टांगली होती. फुगलेली, काळी, खाली थेंब लोंबणारी. दुसरं हाताशी काही नव्हतं. दगड मारला असता तर तो तिथेच खाली बसला असता. मी ती पिशवी उघड्या हाताने ओरबाडली. बोटं आत गेली, आत काहीतरी वळवळलं, आणि मी ती जीव खाऊन पम्याच्या तोंडावर फेकली.

बरोबर थोबाडावर फुटली. सर्दी असो नाहीतर काही असो, डोळ्यांत, तोंडात, शर्टात राडा गेल्यावर माणूस जागचा हलतोच. पम्या भडकला. अशा शिव्या दिल्या त्याने, दाजी-बिजी सगळं विसरून. आणि मला मारायला म्हणून चढावर माझ्याकडेच आला, रॉडच्या पायाने, लंगडत, धापा टाकत. मी हाताने त्याला अजून खुणावत होतो. ये, मार, मार मला. त्याने माझी कॉलर धरली.

"डोकं फिरलंय काय तुमचं? बोलावता पण तुम्हीच आणि घाण पण मारता तुम्हीच?"

त्याच्या पाठीमागे झाड सुटलं. बेचक्यातून शेंडा निसटला, बुंधा फिरला आणि सगळं धूड जिथे पम्या उभा होता तिथे येऊन आदळलं. जमीन हादरली. पम्याने मागे वळून बघितलं आणि माझी कॉलर तशीच धरून खाली बसला. तोंडावरून अळ्या ओघळत होत्या, त्या पुसायचंही भान नव्हतं. मी पुसल्या. उघड्या हाताने. आयुष्यात पहिल्यांदा मला त्या क्षणी कसली किळस आली नाही.

ती नंतर आली. पम्याला सावलीत बसवून मी पडलेल्या झाडापाशी गेलो. पडल्यावर ढोली वरच्या बाजूला आली होती. मी आत बघितलं. आत काहीच नव्हतं. सांडलं असेल म्हणून आजूबाजूला शोधलं, पण एक पाकळी नाही, भाताचं शीत नाही. सकाळी गच्च भरलेली ढोली आतून साफ होती. धुतलेली नाही म्हणवत… चाटलेली. आपल्या गालाची आतली बाजू जिभेला कशी लागते, तसं ओलं, गुळगुळीत लाकूड. हात लावला नाही. तेवढी अक्कल होती.

"मी कधी बोलावलं रे तुला?" मी परत येऊन विचारलं.

"जाऊ दे ना दाजी," पम्या म्हणाला. डब्याला त्याने हात लावला नाही. पम्याने!

झाडाचे तुकडे करून रचायला दुसरी माणसं बोलावली, पायवाट मोकळी झाली. निघताना गद्रे साहेब बाल्कनीतून खाली आले. पाठ थोपटतील असं वाटलं होतं.

"काम छान केलंत हो. पण ते ओरडणं किती! हाये हाये हाये… झाड पडल्याचा आवाज आला, म्हटलं आता तरी थांबतील. पडल्यावर मेलं केवढा वेळ चालूच! मिसेसची दुपारची झोपमोड झाली."

झाड पडल्यावर आम्ही दोघांपैकी कोणीही एकसुद्धा हाक दिली नव्हती.  गेटबाहेर येऊन तिथल्या नळावर हातपाय धुतले, चूळ भरली, थुंकलो. थुंकीत झेंडूची पाकळी होती. म्हटलं, सकाळी राडा उडाला होता तेव्हाची असेल, दातात अडकली असेल. परत चूळ भरली. परत एक. मग भाताचं शीत. सकाळपासून मी चहाशिवाय काही खाल्लं नव्हतं. मी तोंडात बोटं घालून घालून सगळं साफ केलं, रस्त्यावरची माणसं बघत होती, बघू देत.

आता तुम्ही म्हणाल, आवाज घुमतात, डोंगराची बाजू आहे, मनाचे खेळ असतात. अरे, हेच सगळं मी इतकी वर्षं तुम्हाला सांगत आलोय ना! वास कुजण्याचा, साफ ढोली म्हणजे घूस-उंदरांचं काम, गद्रेंना पलीकडच्या सोसायटीतलं कोणीतरी ऐकू आलं असेल. एकेक करून सगळ्याला काहीतरी लावता येतं. मी लावून बघितलंय. पण एका गोष्टीला काही लागत नाही.

त्यानंतर पम्या कामाला येईना. भांडुपलाच एका गोदामात पॅकिंगला लागला. एका रविवारी दुपारी आम्ही तिघं जेवायला बसलो होतो. रेखाने सहज विचारलं, "काय रे, दाजींचं आणि तुझं काय बिनसलंय? धड बोलत पण नाहीस त्यांच्याशी."

पम्या भाकरीचा तुकडा मोडत बसला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "ताई, दाजींनी मला झाडाखाली बोलावलं होतं."

"अरे, तो आवाज माझा नव्हता!" मी म्हटलं. "ढोलीतून आला असेल. मलापण तुझा ऐकू येत होता…"

"ढोलीतून नाही दाजी." पम्याचे डोळे भरले होते. "मी खडकावरून तुमच्याकडेच बघत होतो. तुम्ही सागाच्या मागून डोकं काढलंत. म्हणालात, ये पम्या, जरा हात लाव. तुमचं तोंड हलत होतं. हसत होतात तुम्ही. मी आवाज ऐकून नाही गेलो… तुम्हाला बघून गेलो."

मला एवढंच आठवतंय की मी साखळी ओढत होतो. डोकं मी एकदाच काढलं, तो झाडाखाली दिसला तेव्हा. हे मी रेखाला सांगितलं. आईवडिलांची शपथ घेऊन सांगितलं. तिने ऐकून घेतलं, "जेवा," म्हणाली, आणि मला वाढलं. त्या दिवसापासून ती सकाळी मला ते बजावत नाही, कारण बजावायला आता काही उरलं नाही.

 कोणाकडे याचं उत्तर असेल तर लिहा, या वेळी मी हसणार नाही.

घरात आता असं आहे. मी पम्याला हाक मारली की तो लगेच उठत नाही. आधी ताईकडे बघतो. तिने मान डोलावली की मगच ओ देतो. चालवून घेतलं मी, काय करणार. परवा संध्याकाळी मी आतल्या खोलीतून हाक मारली, तर कोणी येईना. बाहेर येऊन बघितलं. पम्या बसलेलाच होता आणि रेखाने त्याचा दंड घट्ट धरून ठेवला होता.

"का गं?" मी विचारलं.

"आत्ता हाक मारली ते तुम्ही नव्हता," ती म्हणाली.

मी फक्त पाणी मागितलं होतं.